मोटारीआधीच्या इमारती

डेट्रॉइट शहरात मिशिगन थिएटर नावाची एक इमारत आहे. १९२६ साली ती उभी राहिली तेव्हा तिच्या प्रेक्षागृहात चार हजार खुर्च्या होत्या. पन्नास वर्षांत प्रेक्षक आटले. प्रेक्षागृहाला जोडूनच कचेऱ्यांची एक उंच इमारत होती आणि तिथल्या भाडेकरूंना गाड्या लावायला जागा हवी होती. थिएटर पाडले असते तर या जोडइमारतीला धोका पोहोचला असता. म्हणून मालकांनी ते पाडले नाही, आतून पोखरले. खुर्च्या आणि सज्जे काढून तिथे तीन मजल्यांचा वाहनतळ बांधला. त्याच्या वरच्या मजल्यावर उभे राहिले तर आजही डोक्यावर जुन्या छताचे नक्षीकाम दिसते आणि खाली ओळीने लावलेल्या मोटारी. योगायोग असा, की हेन्री फोर्डने १८९६ साली आपली पहिली गाडी जिथे जुळवली ती छोटी शेड याच जागेवर होती.

या वाहनतळाचे छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या पेठेतला एक वाडा आठवला. दुमजली, पुढे चार दुकाने, मागे चौक आणि वर बिऱ्हाडे. काही वर्षांपूर्वी तो पाडून तिथे नवी इमारत झाली. इमारत रीतसर मंजुरी घेऊन बांधलेली आहे, तक्रारीला जागा नाही. पण तळमजला आता खांबांवर उभा आहे आणि चार दुकानांच्या जागी लोखंडी फाटक आहे. रस्त्यावरून जाताना त्या पन्नास फुटांत बघण्यासारखे, विकत घेण्यासारखे, थांबून दोन शब्द बोलण्यासारखे काही उरलेले नाही. दुकाने का ठेवली नाहीत, असे मी तिथल्या वास्तुविशारदाला विचारले. त्याने बांधकाम नियमावलीतले एक कोष्टक माझ्यापुढे ठेवले. इतक्या चौरस मीटर दुकानाला इतक्या गाड्या, इतक्या सदनिकांना इतक्या. “एवढं बसवल्यावर दुकानांना जागा उरते कुठे?” तो म्हणाला.

हे कोष्टक आले कुठून, याचा शोध घेत मी अमेरिकेतल्या नगरनियोजनाच्या इतिहासापर्यंत पोहोचलो. तिथे एक गोष्ट हाती लागली, जी आपल्या पेठांसाठी कोष्टकापेक्षा महत्त्वाची आहे. ती म्हणजे त्या कोष्टकातून जुन्या इमारतींना सूट देण्याची पद्धत आणि त्या पद्धतीचे झालेले पुढचे परिवर्तन. इंग्रजी कायद्याच्या भाषेत या सुटीला ‘व्हेरियन्स’ म्हणतात. आपल्या नगररचना खात्याच्या भाषेतला ‘शिथिलता’ हा शब्द तिला बरोबर बसतो.

*

शिथिलतेची कल्पना पार्किंगच्या नियमाहून जुनी आहे. १९१६ साली न्यूयॉर्क शहराने संपूर्ण शहराला लागू होणारी क्षेत्र-नियमावली केली. कोणत्या भागात कोणता वापर चालेल, इमारत किती उंच जाईल, रस्त्यापासून किती मागे सरकेल, हे त्यात ठरले. नियमावलीच्या कर्त्यांपैकी एक होते एडवर्ड बॅसेट नावाचे वकील. त्यांना एक भीती होती. शहरात हजारो भूखंड असतात. एखादा त्रिकोणी, एखादा खडकावर, एखादा नाल्याला लागून. सरसकट नियम अशा एखाद्या मालकाला इतका जाचेल, की तो कोर्टात जाईल आणि कोर्ट त्याच्यासाठी संपूर्ण नियमावलीच रद्द करील. यावर उपाय म्हणून एक अपील मंडळ नेमले गेले. नियम तंतोतंत लावल्याने एखाद्यावर विनाकारण अडचण ओढवत असेल, तर त्या मालमत्तेपुरता नियम सैल करायचा अधिकार या मंडळाला मिळाला. वाफेच्या बाष्पकाला जशी सुरक्षा-झडप असते तशी ही सोय होती.

पुढे हर्बर्ट हूव्हर वाणिज्यमंत्री असताना त्यांच्या खात्याने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला. १९२४ साली तो छापला गेला, १९२६ साली सुधारून पुन्हा निघाला आणि एकेका राज्याने तो जवळपास जसाच्या तसा उचलला. त्याच १९२६ साली ओहायो राज्यातल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्षेत्र-नियमन घटनेला धरून असल्याचा निवाडा दिला. नमुना कायद्यात अपील मंडळ होते आणि शिथिलताही होती. तिच्या अटींचा गाभा असा: सार्वजनिक हिताला बाध येऊ नये, त्या मालमत्तेची परिस्थिती विशेष असावी, अक्षरशः अंमलबजावणीने अनावश्यक अडचण होत असावी आणि नियमाचा हेतू शाबूत राहावा.

‘विशेष परिस्थिती’ या शब्दांकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढची सगळी कथा या दोन शब्दांभोवती फिरते.

*

त्या काळात गाड्या रस्त्याच्या कडेला लागत. मोटारी वाढल्या तशी कडा पुरेना. तेव्हा नगरपालिकांना एक सोपा मार्ग सापडला: रस्त्यावरची टंचाई इमारतीच्या मालकावर ढकलायची. १९२३ साली ओहायोतल्या कोलंबस शहराने निवासी इमारतींना स्वतःच्या आवारात गाड्यांची जागा ठेवणे बंधनकारक केले. १९३९ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराने हॉटेले आणि रुग्णालये यांना हा नियम लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र त्याची लाट आली. १९४६ साली ७६ शहरांची पाहणी झाली तेव्हा त्यांपैकी १७ टक्के शहरांत असा नियम होता. पाचच वर्षांनी ७१ टक्के शहरांत तो होता किंवा येऊ घातला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी या नियमांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि २००५ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. २०२५ साली ते वारले. अमुक दुकानाला अमुक गाड्या हे आकडे किती तकलादू पायावर उभे आहेत, हे त्यांनी दाखवले. एक गाव दुसऱ्या गावाचे कोष्टक पाहून आपले कोष्टक करी. मूळ मोजणी कुठे झालीच असली तर ती बहुधा शहराबाहेरच्या, बस-ट्राम न पोहोचणाऱ्या दुकानासमोर, गर्दीच्या वेळी आणि पार्किंग फुकट असताना झालेली असे.

आता हे कोष्टक जुन्या बाजारपेठेला लावून पाहू. अमेरिकन गावाच्या जुन्या व्यापारी भागाला तिथे ‘डाउनटाउन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या तिथल्या इमारतींचा साचा आपल्या पेठेतल्या माणसाला ओळखीचा वाटेल. विटांचे दोन-तीन मजले, दर्शनी रुंदी वीस-पंचवीस फूट, खोली त्याच्या तिप्पट-चौपट. शेजाऱ्याशी सामाईक भिंत, समोर थेट पदपथ. खाली दुकान, वर वकिलाची कचेरी, शिंप्याचे काम किंवा राहती खोली. भूखंडाचा इंच न् इंच बांधलेला.

समजा अशी एक इमारत २५ फूट रुंद आणि ८० फूट खोल आहे. तळमजला झाला २,००० चौरस फूट. तिथे आधी कापडाचे दुकान होते, ते बंद पडले आणि कुणाला उपाहारगृह काढायचे आहे. उपाहारगृहाला दर हजार चौरस फुटांमागे दहा गाड्या, हा प्रमाणदर तिथे सर्रास आढळत आला आहे. म्हणजे वीस गाड्या. एका गाडीला वळण्या-निघण्याच्या वाटेसह साधारण ३०० चौरस फूट लागतात. वीस गाड्यांना ६,००० चौरस फूट. म्हणजे शेजारच्या तशाच तीन इमारती पाडल्या, तर या एका इमारतीत जेवण वाढता येईल.

हे गणित कागदावरच राहिले नाही. अमेरिकेतल्या कितीतरी गावांच्या मध्यभागाची १९७० च्या सुमाराची विमानातून घेतलेली छायाचित्रे पाहा. दात पडलेल्या तोंडासारखी ती दिसतात. रस्ते रुंद करणे, शहराबाहेरचे मॉल, वर्णभेदातून झालेले स्थलांतर ही कारणे होतीच. पण पार्किंगच्या नियमाने आपला वाटा उचलला होता. चालू असलेल्या जुन्या दुकानाला तो लागत नसे, पूर्वापार वापर म्हणून ते चालू राही. पण वापर बदलला, विस्तार केला, किंवा जागा ठरावीक काळ रिकामी राहिली, की नवा नियम लागू होई. त्यामुळे अशा इमारतीत एक तर होते तेच चालू ठेवायचे, नाही तर कुलूप लावायचे. वरचे मजले दशकानुदशके रिकामे राहिले ते अशानेही. शेजारची इमारत पाडून डांबर टाकणाऱ्याला मात्र परवाना सहज मिळे.

*

कुलूप लावायचे नसेल तर तिसरा रस्ता होता तो अपील मंडळाकडे जाण्याचा. अमेरिकन गावांच्या अशा मंडळांची इतिवृत्ते आता संगणकावर बसल्या जागी वाचता येतात. मी ती बरीच वाचली. गावे वेगळी, राज्ये वेगळी, पण विधी तोच. अर्जाची जाहीर सूचना निघते आणि आसपासच्या मालमत्ताधारकांना पत्रे जातात. ठरलेल्या संध्याकाळी नगरगृहात मंडळ बसते. सभासद बहुधा गावातलेच नागरिक असतात. अर्जदाराचा वास्तुविशारद नकाशा मांडतो. इमारत गाडीच्या जन्माआधीची आहे, भूखंड पूर्ण बांधलेला आहे, पलीकडच्या चौकात सार्वजनिक वाहनतळ आहे, असे तो सांगतो. मग शेजारी बोलतात. मंडळ आपले निष्कर्ष लेखी नोंदवते आणि जाहीर मतदान करते. सूट मिळालीच तर अटींसह मिळते: खुर्च्या इतक्याच, वेळ इतकीच. एक बाब विशेष. ही सूट माणसाला नसते, जागेला असते. मालक बदलला तरी ती जागेबरोबर राहते.

विरोध करणारे सगळे खोडसाळ असतात असे मुळीच नाही. मागच्या गल्लीत राहणाऱ्या बाईच्या दारात रोज रात्री परक्यांच्या गाड्या लागतात. ज्या दुकानदाराने नियम पाळण्यासाठी पदरमोड करून वाहनतळ बांधला, त्याला शेजाऱ्याची फुकट सूट झोंबते. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला ‘दोन चौक पलीकडे जागा आहे’ हे उत्तर पुरत नाही. सूट दिल्याने गाड्या नाहीशा होत नाहीत, त्यांचा भार दुसरीकडे सरकतो. हे कबूल केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कायद्याची खरी अडचण मात्र वेगळ्या ठिकाणी होती. १९३९ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे लाँग आयलंडवरच्या एका गावाचे प्रकरण आले. निवासी भागात स्केटिंगचे मैदान चालवण्याची परवानगी मागितली होती. न्यायालयाने तेव्हा शिथिलतेची जी कसोटी घालून दिली तिचा दाखला पुढे देशभर दिला गेला. तिची तीन कलमे होती. नियम पाळून त्या जागेतून वाजवी उत्पन्न निघू नये. अडचण त्या जागेपुरती असावी, साऱ्या परिसराची सामाईक नसावी. आणि सूट दिल्याने भागाचे मूळ स्वरूप बदलू नये. दुसऱ्या कलमामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. अडचण साऱ्या परिसराची असेल तर चूक नियमाची आहे. मग नियमच बदलावा, आणि ते काम निवडून आलेल्या सभागृहाचे. मंडळाने एकेकाला सूट देत बसू नये.

आता जुन्या डाउनटाउनकडे पाहा. ज्या इमारतीला गाड्यांना जागा नाही तिच्या डावीकडच्या, उजवीकडच्या आणि समोरच्या इमारतीलाही नाही. सगळी पेठच गाडीच्या आधीची. अर्जदाराची अडचण खरी आहे, पण ती त्याची एकट्याची नाही. १९३९ ची कसोटी प्रामाणिकपणे लावली तर या भागात पार्किंगची शिथिलता कुणालाच मिळायला नको. आणि तरीही मंडळे ती देत राहिली, कारण न दिली तर इमारत मरणार हे त्यांना दिसत होते.

कोर्टांनी यातून वाट काढली. जागेचा वापर बदलणारी सूट आणि मोजमापातली सूट असे दोन वर्ग त्यांनी केले. दुसऱ्या वर्गाला सौम्य कसोटी लावली, जिच्यात अर्जदाराचा फायदा आणि परिसराचे नुकसान तराजूत टाकून पाहायचे. पार्किंग कोणत्या वर्गात बसते यावर वाद होत राहिले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या त्याच सर्वोच्च अपील न्यायालयाने लाँग आयलंडवरच्या मॅनहॅसेट गावाच्या प्रकरणात त्याचा निकाल लावला. तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या एका जुन्या व्यापारी इमारतीत भेटवस्तूंचे दुकान बंद पडले होते. त्या गाळ्यात ४५ खुर्च्यांचे उपाहारगृह काढायचे होते. आवारात पार्किंग नव्हते. मंडळाने सूट दिली. शेजारच्या मालमत्तेचा मालक कोर्टात गेला आणि कडक कसोटीच लावावी असा आग्रह त्याने धरला. न्यायालयाने तो मानला नाही. त्या भागात तो वापर मुळात चालत असेल तर पार्किंगची सूट ही मोजमापातली सूट आहे, असे ठरले. एका गाळ्याच्या ४५ खुर्च्यांचा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेला. याचा निकाल योग्य लागला असे मला वाटते. पण हा लढा प्रत्येक गाळ्याने स्वतंत्रपणे लढायचा का? वकील आणि वास्तुविशारद ज्याला परवडतो तो सूट मिळवील. ज्याला परवडत नाही त्याचा गाळा बंद राहील.

*

या प्रश्नाला सर्वांत समजूतदार उत्तर मला कॅलिफोर्नियातल्या पासाडिना शहरात सापडले.

पासाडिनाचा जुना बाजार कोलोरॅडो बुलेव्हार्ड या रस्त्यावर आहे. १९२९ साली गाड्यांसाठी हा रस्ता २८ फुटांनी रुंद केला गेला. दोन्ही बाजूंच्या इमारतींनी आपापले पुढचे १४ फूट कापून दिले. बहुतेकांनी त्या काळच्या फॅशनप्रमाणे नवे दर्शनी भाग बांधले, काहींनी जुनाच दर्शनी भाग मागे नेऊन पुन्हा बसवला. मोटारीने पेठेकडून वसूल केलेला हा पहिला हप्ता. नंतर मंदी आली, युद्ध झाले, गिऱ्हाईक नव्या वस्त्यांकडे गेले. १९७० च्या दशकात हा भाग इतका खालावला होता, की शहराने जवळचे तीन चौक पाडून तिथे बंदिस्त मॉल उभारायला मदत केली. सार्वजनिक तिजोरीतून त्याला ४ कोटी १० लाख डॉलरचे साहाय्य मिळाले. भरपूर फुकट पार्किंग असलेला हा मॉल १९८० साली उघडला.

तीन चौक गेल्यावर उरलेल्या बाजाराबद्दल लोक जागे झाले. १९८३ साली जुन्या पासाडिनाची नोंद राष्ट्रीय वारसा सूचीत झाली. पण सूचीत नाव आले म्हणून दुकान चालत नाही. इमारत दुरुस्त करून नवा वापर सुरू करायचा म्हटले की पार्किंगचे कोष्टक आडवे येई. इथे शहराने एकेका अर्जाची वाट पाहिली नाही. १९८७ साली एक योजना काढली. मालकाने आपल्या आवारात जागा करण्याऐवजी शहराच्या सार्वजनिक वाहनतळातील तितक्या जागांचे वार्षिक शुल्क भरावे. २००१ साली हे शुल्क एका जागेला वर्षाला अवघे ११५ डॉलर होते. सुनावणी नाही, वकील नाही, कृपा नाही. जी अडचण साऱ्या पेठेची होती तिच्यावर साऱ्या पेठेला सारखाच लागू होणारा उपाय झाला. १९३९ च्या न्यायालयाने सुचवलेला मार्ग हाच होता.

तरी एक प्रश्न उरलाच. इमारतींवरचा बोजा हलका झाला, पण रस्त्याच्या कडेचे काय? तिथे पार्किंग फुकट होते, दोन तासांच्या मर्यादेसह. दुकानांतले नोकरच सकाळी येऊन गाड्या लावत आणि दर दोन तासांनी त्या पुढेमागे करत. गिऱ्हाइकाला जागा मिळत नसे. शहराने मीटर बसवायचे ठरवले तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला, उरलेसुरले गिऱ्हाईकही पळेल म्हणून. हा वाद रेंगाळला. शेवटी शहराने एक वचन दिले: या मीटरांचा पैसा शहराच्या सामान्य तिजोरीत जाणार नाही, याच पेठेत खर्च होईल. तिथे वारे फिरले. १९९३ साली सुमारे ६९० मीटर बसले, दर तासाला एक डॉलर. त्या उत्पन्नाच्या भरवशावर शहराने ५० लाख डॉलरचे कर्ज उभारले. त्यातून पदपथ, दिवे, झाडे, बाक झाले आणि कचऱ्याने भरलेल्या मागच्या बोळांचे चालण्याजोगे रस्ते झाले. २००१ साली खर्च वजा जाता मीटरांतून सुमारे १२ लाख डॉलर मिळाले. जुनी पेठ गजबजली, वरच्या मजल्यांवर माणसे आली. आणि तो फुकट पार्किंगचा मॉल? पुढे तो पाडला गेला. त्याच्या जागी रस्त्याकडे तोंड केलेली दुकाने बांधली गेली.

पासाडिनाच्या यशाला इतर कारणेही असतील. लॉस एंजेलिसच्या शेजाराचे ते सधन शहर आहे. पण शेजारच्या लॉस एंजेलिसनेही १९९९ साली आपल्या डाउनटाउनसाठी एक नियम केला. जुन्या कचेऱ्यांच्या इमारतींत घरे करायची असतील तर असलेल्या पार्किंगपेक्षा अधिक जागा मागितली जाणार नाही, असा. पुढच्या दहा वर्षांत वर्षानुवर्षे रिकाम्या पडलेल्या पन्नासहून अधिक इमारती राहत्या झाल्या. विकासकांनी पार्किंग दिलेच नाही असे घडले नाही. पुष्कळांनी ते दिले, पण जवळच्या वाहनतळात भाड्याने घेऊन, जिथे सोयीचे पडले तिथे. २०१७ साली बफेलो शहराने किमान पार्किंगचा नियम शहरभर काढून टाकला. २०२३ पासून कॅलिफोर्निया राज्यात मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत तो लागत नाही. ज्या नियमाला शंभर वर्षे अपवाद मागावे लागले, तो नियमच मागे सरकू लागला आहे.

*

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक तरतूद होती. उघड दिसणारी अडचण असेल तर आयुक्तांनी विशेष परवानगीने मोजमापे सैल करावीत, अशी. ‘हार्डशिप’ हा शब्द त्या कलमात आहे. १९१६ च्या न्यूयॉर्कमध्ये बॅसेट यांच्या काळी घडलेला शब्द ७५ वर्षांनी मुंबईत पोहोचला. आज आपल्या बांधकाम व्यवसायात ‘हार्डशिप प्रीमियम’ हे शब्द कुणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. १९९५ साली मुंबईत वारसा इमारतींची यादी आणि नियम आले, त्यांनी दर्शनी भाग जपायला कायद्याचा आधार दिला.

शब्द आला, पण त्याच्या भोवतीची रीत आली नाही. तिथली शिथिलता नगरगृहात, शेजाऱ्यांसमोर, लेखी कारणांसह आणि मोजलेल्या मतांनी मिळते. आपली शिथिलता बहुधा फाइलवर मिळते. शेजाऱ्याला ती कळते इमारत उभी राहिल्यावर. म्हणूनच हा शब्द आपल्याकडे जरा दबक्या आवाजात उच्चारला जातो. आणि त्यासाठी भरलेला प्रीमियम त्याच रस्त्यावर खर्च व्हावा असे बंधन नाही. पासाडिनाच्या दुकानदाराने भरलेले नाणे त्याच्या दारातल्या दिव्यात त्याला दिसले. आपल्या पेठेतल्या माणसाला आपण भरलेल्या पैशाचे काय झाले हे कधी दिसत नाही. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केले, तेही विरोधानंतर पाच रस्त्यांपुरते प्रायोगिक करून, आणि पुढे तेही रखडले. तेव्हाचा विरोध नुसत्या फुकटेपणाचा होता असे मला वाटत नाही. दिलेला पैसा परत आपल्या गल्लीत येईल, यावर कुणाचा विश्वास बसला नाही. पासाडिनातही वचन मिळेपर्यंत तो बसला नव्हताच.

आपल्या जुन्या पेठा म्हणजे शेकडो मोटारीआधीच्या इमारती. त्यांतल्या प्रत्येकाची अडचण तीच आहे. अशा वेळी एकेकाने अर्ज करून, पैसे भरून, ओळख काढून सूट मिळवावी ही रीत चुकीची आहे. १९३९ सालच्या त्या न्यायालयाचे म्हणणे इथेही लागू पडते: सगळ्यांची अडचण एकच असेल तर नियम बदला. जुन्या पेठेत तळमजल्याच्या दुकानाला पार्किंगची सक्ती नको. त्याऐवजी पेठेच्या कडेला सामाईक वाहनतळ हवा. रस्त्यावरच्या जागेला वाजवी दर हवा, आणि त्या पैशाचा हिशेब त्याच पेठेच्या फलकावर लावलेला हवा. चालता न येणाऱ्यांसाठी दुकानाजवळ राखीव जागा हवी. यातले काहीही परदेशातून उचलून आणण्याइतके अवघड नाही.

आमच्या पेठेतला तो वाडा परत येणार नाही. परवा त्याच्यावरून जाताना फाटक उघडे होते म्हणून आत डोकावलो. बारा गाड्यांच्या जागा पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या होत्या, त्यांतल्या पाच भरलेल्या. बाकी जागेत दोन सायकली, एक जुनी पिठाची गिरणी आणि दिवाळीचा आकाशकंदील ठेवलेला होता. रखवालदाराने विचारले, “कुणाकडे जायचंय?” इथे पूर्वी उदबत्तीचे दुकान होते, असे मी सांगितले. तो म्हणाला, “मला माहीत नाही साहेब, मी आलो तेव्हापासून पार्किंगच आहे.”